पांबनचा नवा पूल सरळ वर का उचलतात? जुन्यासारखा फाकणारा का नाही केला?

होटगीरोडवाला
सोलापुरातून रामेश्वरला जाणाऱ्यांची वर्दळ बारा महिने असते, त्यामुळे रामेश्वरच्या बेटावर समुद्रावरून जाणारा पांबनचा रेल्वेपूल इथे बहुतेकांना पाहून नाहीतर ऐकून माहीत आहे. जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला. जहाज आलं की मधला भाग दोन पानांत फाकून वर जायचा. डिसेंबर २०२२ मध्ये गंजामुळे त्यावरची वाहतूक थांबवली आणि ६ एप्रिल २०२५ ला शेजारचा नवा पूल सुरू झाला. नव्यात १८.३ मीटरचे ९९ गाळे (दोन खांबांमधले तुकडे) आहेत आणि ७२.५ मीटरचा एक गाळा अख्खाच्या अख्खा १७ मीटर वर जातो.

माझा प्रश्न सरळ आहे. फाकणारी पद्धत शंभरावर वर्षं चालली. ती सोडून साधारण ६६० टनांचा गाळा दोरांवर टांगायचा उपद्व्याप कशासाठी? माझ्या मते जुनीच पद्धत नव्या पोलादात केली असती तर स्वस्तात पडली असती. जाणकारांनी खोडून काढावं.

बाळीवेस_बिनधास्त
काय बे, सकाळ सकाळ सहाशे टन उचलूलालास! चहा तरी पिऊ दे की.

गर्डरशास्त्री
आधी जुन्या पुलाचं यंत्र समजून घेऊ. त्याला शेर्झर रोलिंग लिफ्ट म्हणतात. शिकागोच्या विल्यम शेर्झरची ही कल्पना. तो १८९३ मध्ये वारला आणि या पद्धतीचे पहिले पूल १८९५ मध्ये शिकागो नदीवर उभे राहिले. पांबनचं पोलादकाम इंग्लंडच्या हेड राइटसन कंपनीने केलं.

साध्या बॅस्क्यूल, म्हणजे फाकणाऱ्या, पुलात पान एका जाड खिळीभोवती फिरतं. शेर्झरने खिळीच काढून टाकली. पानाच्या मागच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखा वाकडा गर्डर असतो आणि तो सपाट पट्टीवर झुलत्या खुर्चीसारखा मागे लोळतो. घसरू नये म्हणून पट्टीवर दाते आणि वाकड्या गर्डरात त्यांची भोकं. पान वर जाता जाता मागेही सरकतं, म्हणून जहाजाची वाट लवकर मोकळी होते. पान आणि मागचं काउंटरवेट (तोलाचं वजन) यांचा एकत्र गुरुत्वमध्य त्या वर्तुळाच्या केंद्रात आणून ठेवलेला असतो, त्यामुळे पान उघडताना गुरुत्वमध्य वर चढत नाही, आडवाच सरकतो. ताकद लागते ती घर्षणापुरती आणि वाऱ्यापुरती. पांबनचं एकेक पान ४०० टनांच्या वर, तरी ते माणसं हाताने लिव्हर फिरवून उघडत असत. ते या तोलामुळे.

नवीपेठ_७
शास्त्रीबुवा, मग नव्यातही तोलच आहे ना? होटगीरोडवाले "टांगलाय" म्हणतात त्यावरून वाटतं की मोटर सगळं वजन ओढते.

हिशेब करून टाकतो. काउंटरवेट नसतं तर ६६० टन १७ मीटर चढवायला साधारण ११ कोटी ज्यूल, म्हणजे वीज फक्त ३० युनिट! सोलापूरच्या उन्हाळ्यात एक एसी तीन-चार दिवसांत खाईल तेवढी. पण हेच काम साडेपाच मिनिटांत करायचं म्हटलं की ३३० किलोवॅटच्या वर मोटर लागते, आणि उतरवताना तितकीच शक्ती ब्रेकमध्ये जिरवावी लागते. दोन्ही टोकांना काउंटरवेट लावून ९५ टक्के वजन तोललं तर उरतं पाच टक्के, म्हणजे १७ किलोवॅटच्या आसपास. त्यात घर्षण, दोरांचा ताठपणा आणि वारा धरा. प्रश्न वीजबिलाचा नव्हताच, मोटर आणि ब्रेकच्या आकाराचा होता.

टिळकचौक
पूर्ण १०० टक्के का तोलत नाहीत? तेवढीच मोटर लहान.

नवीपेठ_७
मग गाळा खाली बसणारच नाही, गाडीच्या धक्क्याने बेअरिंगवर, म्हणजे टेकायच्या जागेवर, उड्या मारेल. म्हणून गाळा मुद्दाम थोडा जड ठेवतात. शिवाय दोरांचंही वजन असतं. गाळा खाली असताना दोराचा जास्त भाग गाळ्याच्या बाजूला लोंबतो, वर गेला की तोच काउंटरवेटकडे जातो. १७ मीटर उचल म्हणजे तोलात ३४ मीटर दोराचा फरक, तोही प्रत्येक दोराचा. खाली बरोबर बसवलेला तोल वर गेल्यावर बिघडतो. फार उंच उचलणाऱ्या पुलांत त्यासाठी वेगळ्या साखळ्या लावतात.

गर्डरशास्त्री
आता मूळ प्रश्नाकडे. रेल्वेसाठी दोन पानांच्या पुलाची दुखरी जागा म्हणजे मधला जोड. गाळ्याच्या ऐन मध्यावर दोन पानांची टोकं भेटतात. इंजिन एका टोकावर आलं की ते टोक दबतं आणि समोरचं जागेवर राहतं. मधलं कुलूप तो फरक वाटून घेतं, पण कुलपाची खिळ झिजते, ढिली पडते, आणि प्रत्येक चाकाबरोबर तिथे ठोका बसतो. रस्त्याच्या पुलावर हे चालून जातं. रुळावर जात नाही, म्हणून रेल्वेचे बॅस्क्यूल शक्यतो एकाच पानाचे करतात. दुसरं दुखणं लोळण्याचं. पान उघडताना शेकडो टन वजन वाकड्या गर्डर आणि पट्टी यांच्यामधल्या एका अरुंद रेषेवर येतं आणि ती रेषा पिअरवर (खांबावर) मागेपुढे सरकते. पट्टीच्या प्लेटांना तडे जाणं हा या जातीच्या पुलांचा जुनाच आजार.

सरळ उचलणारा गाळा खाली बसला की तो साधा गाळा होतो. दोन टोकांना बेअरिंग, मध्ये जोड नाही.

कुर्डुवाडी_नॅरोगेज
यात गेजचा मुद्दा राहिला. शेर्झर बसवला मीटरगेजसाठी. २००७ मध्ये त्याच जुन्या सांगाड्यावरून ब्रॉडगेज नेलं. भार वाढला, रुंदी वाढली, वय नव्वदीच्या पुढे. एवढं सोसून तो पंधरा वर्षं चालला हेच खूप.

(आमच्या बार्शी लाइट रेल्वेचे इंजिनिअर कॅलथ्रॉपसाहेब यात उजवे. अडीच फुटांची लाइन, १८९७ ला सुरू, आणि दर एक्सलवर पाच टनच भार हा नियम पाळला. भार वाटून टाका, पूल आणि रूळ दोन्ही हलके होतात.)

बाळीवेस_बिनधास्त
धागा कुठलाही असू दे, कुर्डुवाडी जंक्शन लागतंयच.

अक्कलकोट_नाका
मला वेगळीच शंका आहे. उचलायचा, फाकायचा, हे सगळं कशाला? शेजारचा १९८८ चा रस्त्याचा पूल उंच आहे, खालून बोटी जातात. तसाच उंच रेल्वेपूल बांधला असता तर यंत्राचा खर्चच नाही, कायमची कटकट मिटली.

रूळ_रक्षक
अक्कलकोट नाका, चढाचा हिशेब करा. नवा गाळा उचलल्यावर खालची मोकळी उंची २२ मीटरच्या आसपास होते, म्हणजे रस्त्याच्या पुलाइतकी. तेवढी कायमची हवी असेल तर रूळ आजच्यापेक्षा १७ मीटर वर न्यावे लागतील. १ इन १५०, म्हणजे दीडशे मीटरला एक मीटर, चढ धरला तर एका बाजूला अडीच किलोमीटर चढण, दुसऱ्या बाजूला तितकीच उतरण. सामुद्रधुनीच मुळात दोन किलोमीटरची, आणि जहाजाची वाट पांबन बेटाच्या बाजूला. पांबन स्टेशन हवेत बांधावं लागेल. मोटार १ इन ३० सहज चढते. गाडीला असला चढ दिला तर बोरघाटासारखी मागून ढकलायला इंजिनं लावावी लागतात, तिथे १ इन ३७ आहे.

याच आकड्यात होटगीरोडवाल्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उभ्या उचलीचा मोठा तोटा म्हणजे वरची उंची मर्यादित राहते, बॅस्क्यूल उघडला की वर आभाळ मोकळं. पण पांबनला शेजारी रस्त्याचा पूल आधीच उभा आहे. त्याच्याखालून जे जहाज जात नाही त्याला रेल्वेपूल आभाळापर्यंत उघडून काय उपयोग? तो तोटा तिथे लागूच होत नाही.

होटगीरोडवाला
हा मुद्दा पटला. पण वाऱ्याचं काय? तिथे समुद्राचा वारा म्हणजे खेळ नाही. टांगलेला गाळा हेलकावणार नाही का?

गर्डरशास्त्री
उलट वाऱ्यात फाकणाऱ्याची अडचण जास्त. उघडं पान म्हणजे शिड. वारा ते उघडायला किंवा मिटायला बघतो आणि तो सगळा जोर दात्यांवर आणि यंत्रावर येतो. उभ्या उचलीत गाळा आडवाच राहतो, वाऱ्याचा जोर मार्गदर्शक चाकांतून टॉवरमध्ये जातो, मोटरला त्याच्याशी झुंजावं लागत नाही. तरीही वाऱ्याची मर्यादा लागतेच, गाडीसाठी वेगळी, उचलण्यासाठी वेगळी. जुन्या पुलावर वारा ताशी ५५ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल व्हायचा.

उभ्या उचलीचं खरं दुखणं तिरपेपणाचं आहे. दोन टॉवर, दोन यंत्रं. एक बाजू जराशी पुढे गेली की ७२ मीटरचा गाळा तिरका होऊन मार्गदर्शकात अडकतो. म्हणून दोन्ही टोकांची उंची सतत मोजतात, फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की मोटर आपोआप थांबते.

टिळकचौक
१९६४ च्या वादळात तर अख्खा पूलच वाहून गेला होता ना? मग जुना शंभर वर्षं टिकला कसं म्हणायचं?

रूळ_रक्षक
अख्खा नाही. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री लाटेने १४५ पैकी १२६ गर्डर उचलून समुद्रात टाकले. धनुष्कोडीची पॅसेंजर वाहून गेली ती त्याच रात्री. शेर्झर गाळा मात्र जागेवर राहिला. दुरुस्तीला आधी सहा महिने धरले होते, ती मुदत तीन महिन्यांवर आणली, आणि तेव्हा तरुण इंजिनिअर असलेल्या ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम ४६ दिवसांत झालं. समुद्राच्या तळातून जुने गर्डर शोधून, उचलून परत बसवले म्हणून ते जमलं. गर्डर ४० फुटांचे, म्हणजे एकेक हाताळता येण्याजोगा. लांब गर्डर असते तर शोधूनही उपयोग नव्हता.

पाणीवेस_पंप
गंजावर कुणी बोललं नाही. जुन्या पुलाला तोच पुरून उरला. मोकळ्या पृष्ठभागावर गंज दिसतो, खरवडून रंग देता येतो. गंज खातो तो रिव्हेट केलेल्या दोन प्लेटांच्या फटीत. खारं पाणी आत शिरतं, सुकतं, मीठ राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून फट कायम ओली ठेवतं. गंजाचं आकारमान लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे आतून प्लेटा फुगतात आणि रिव्हेटांची डोकी उडतात. वरून कितीही रंग मारा.

आपल्या भागातल्या गर्डरांना कोरडी हवा असते, तिथे हे लक्षातही येत नाही. म्हणून नव्या पुलात कारखान्यातच वेल्ड केलेले जोड, पॉलिसिलोक्सेन रंग आणि काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापरल्यात. फट नाही तर मीठ बसायला जागा नाही. पण वेल्डलाही त्याची पथ्यं आहेत. रिव्हेट केलेल्या गर्डरात एका प्लेटीला गेलेला तडा बहुधा त्या प्लेटीपुरताच राहतो. वेल्ड केलेल्यात तो जोड ओलांडून पुढे पळू शकतो. त्यामुळे वेल्डची तपासणी आयुष्यभर.

टिळकचौक
आणि म्हणूनच वेग कमी ठेवलाय का? इतर गाळ्यांवर ७५ आणि उचलत्या गाळ्यावर ५०.

सिग्नल_सदाशिव
हो, नोव्हेंबर २०२४ च्या तपासणीनंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी ताशी ७५ आणि उचलत्या गाळ्यावर ५० अशीच परवानगी दिली. तपासणीत गंज आणि डिझाइनच्या प्रक्रियेवरही बोट ठेवलं होतं.

पण सगळे उचलण्यावर बोलताय म्हणून आमच्या खात्याची बाजू मांडतो. गाळा उचलणं सोपं. तो पुन्हा त्याच जागी बसला हे सिग्नलला सिद्ध करून देणं अवघड. क्रम साधारण असा असतो.

दोन्ही बाजूंच्या स्टेशनमास्तरांनी लाइन अडवायची, सिग्नल लाल होऊन लॉक. मगच पुलाच्या केबिनला परवानगी. केबिनवाला रुळांचे जोड सोडतो, मग गाळ्याची कुलपं काढतो. हा क्रम उलटा करता येऊ नये अशीच जोडणी असते. मोटर आधी सावकाश, मग पूर्ण वेग, वर पोचायच्या आधी पुन्हा सावकाश. उतरताना बेअरिंगच्या थोडं वर थांबून रांगत खाली. बसल्यावर चारही कोपऱ्यांत बसल्याची खूण मिळाली, कुलपं आत गेली, रुळांचे जोड जुळले, हे वेगवेगळं तपासून मगच परवानगी स्टेशनला परत. यातली एकही खूण आली नाही तर सिग्नल लालच राहतो, मग जहाज निघून गेलेलं का असेना.

नेहमी नडतं ते बारीकसारीक. बेअरिंगवर खडा, शिंपला, जोडात अडकलेली दोरी. आपल्या सांध्यांवर (गाडी रूळ बदलते तिथे) नियम आहे की टोकाजवळ पाच मिलिमीटरची पट्टी अडकवली तर सांधा लॉक होता कामा नये. तीच कसोटी इथे.

बाळीवेस_बिनधास्त
म्हणजे एका शिंपल्यापायी रामेश्वरम एक्सप्रेस उभी! देवाला जाताना भेट देवाआधी शिंपल्याची.

सिग्नल_सदाशिव
शिंपल्याला हसू नका. १५ सप्टेंबर १९५८ ला अमेरिकेत न्यूअर्क बेच्या उचलत्या पुलावर गाडी लाल सिग्नल ओलांडून उघड्या गाळ्यातून पाण्यात गेली, ४८ माणसं गेली. त्याहून शिकण्यासारखा अपघात म्हणजे २२ सप्टेंबर १९९३, अलाबामातला बिग बायू कॅनो. त्या पुलाचा एक गाळा फिरता करता यावा अशा बेताने बांधलेला, पण तो कधी फिरवला नाही आणि पक्का बांधलाही नाही. धुक्यात वाट चुकलेले बार्ज (सपाट मालवाहू बोटी) धडकले आणि गाळा मीटरभर सरकला. रूळ वाकले पण तुटले नाहीत. ट्रॅक सर्किट, म्हणजे सिग्नलसाठी रुळांतून वाहणारी वीज, अखंड, सिग्नल हिरवाच. गाडी आली आणि ४७ माणसं गेली.

तेव्हा रुळातून वीज वाहते एवढ्यावर विसंबायचं नाही, गाळा जागेवर आहे हे स्वतंत्रपणे मोजायचं. पांबनच्या जुन्या पुलालाही २०१३ मध्ये बार्ज धडकलं होतं, म्हणून हे लांबचं समजू नका.

नवीपेठ_७
उन्हाचंही धरा. ७२.५ मीटरचं पोलाद, पहाट आणि दुपार यात ३० अंशांचा फरक धरला तर लांबी २६ मिलिमीटरने बदलते. पहाटे उचलला आणि दुपारी बसवला तर रुळाचं टोक इंचभर पुढे आलेलं असणार. म्हणून एक टोक पक्कं, दुसरं सरकतं, आणि टोकांचे रूळ सरळ कापलेले नसून तिरपे, एकमेकांच्या बाजूने सरकणारे. आपल्या ४३ अंशांत रूळ किती ताणतात ते गँगमनला विचारा, इथे तर तो ताण रोज उचलून परत ठेवायचा.

होटगीरोडवाला
माझ्या मताचा बराचसा भाग खोडला गेलाय. तरी एक सांगतो, जुना शेर्झर मोडून भंगारात घालू नये. दोन पानं किनाऱ्यावर आणून उभी करावीत.

पाणीवेस_पंप
पानं नुसती उभी करून काही कळणार नाही. वाकडा गर्डर, दात्यांची पट्टी आणि काउंटरवेट एकत्र ठेवा. पण मिठाने खाल्लेलं पोलाद उघड्यावर ठेवायचं तर सगळा गंज फोडून काढावा लागेल. तो खर्च कोण करणार हे आधी ठरवा.

प्रदर्शन_२६
मध्येच विचारते. पॉलिटेक्निकच्या प्रदर्शनासाठी आमचा गट उचलत्या पुलाचं मॉडेल करतोय, १:१०० मापात. गाळा ७२.५ सेंटिमीटर, उचल १७ सेंटिमीटर. पहिल्या चाचणीत गाळा अर्ध्यावर तिरका होऊन अडकतो. दोन टॉवरला दोन मोटर लावल्यात. काय बदलू?

गर्डरशास्त्री
ताई, दोन मोटर काढा. एकच १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या, मिनिटाला १० फेऱ्यांची, आणि दोन्ही टॉवरपर्यंत एकच लांब शाफ्ट न्या. तीन सेंटिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर साधारण १.८ फेऱ्यांत १७ सेंटिमीटर होतात, म्हणजे अकरा सेकंदांत गाळा वर. दोन्ही ड्रम एकाच व्यासाचे आहेत ना ते कॅलिपरने मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही तिरपा करतो.

नवीपेठ_७
गाळा एक किलोचा असेल तर काउंटरवेट प्रत्येकी ४७५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम जडपणा उरेल. नायलॉनची मासेमारीची तार घेऊ नका, ताणते. विणलेली सुती दोरी घ्या. पुलीला ६०८ नंबरचं बेअरिंग बसवा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळेल. पुली मोठी ठेवा. खऱ्या पुलात चाकाचा व्यास दोराच्या ७२ पट तरी असतो, लहान चाकावर दोर वाकून वाकून आतून तुटतो.

रूळ_रक्षक
मार्गदर्शकात दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर मोकळीक ठेवा. घट्ट केलं की पुन्हा अडकेल, जास्त ठेवलं तर डुलेल. आणि टॉवर पायाशी एकाच जाड प्लायवर स्क्रूने आवळा, नाहीतर दोरीच्या ओढीने ते आत झुकतात आणि दोष मोटरवर जातो.

प्रदर्शन_२६
एकच मोटर करते. सिग्नलसाठी हिरवा एलईडी लावणार होते, गाळा खाली आला की पेटणारा. एक स्विच पुरे ना?

सिग्नल_सदाशिव
पुरणार नाही. चार कोपऱ्यांत चार मायक्रोस्विच, चारही सिरीजमध्ये, आणि कुलपाच्या खिळीवर पाचवा. लाल दिवा वेगळ्या सर्किटवर ठेवा. हिरव्याच्या ओळीत एक रिले (विजेवर चालणारा स्विच) घाला आणि रिले सुटला की लाल पेटेल असं करा. मग वायर तुटली तरी लालच दिसेल. परीक्षक आले की एका कोपऱ्याखाली पोस्टकार्ड सरकवा आणि गाळा उतरवा. हिरवा पेटला तर स्विच जास्त वर लागलाय, स्क्रू अर्धा फेरा सोडून पुन्हा बघा.

बाळीवेस_बिनधास्त
आणि ऐन वेळी लाइट गेली तर?

सिग्नल_सदाशिव
शाफ्टच्या टोकाला हाताचं हँडल ठेवा. तोल बरोबर असेल तर दोन बोटांनी फिरेल.